‘नको’ या शब्दाचा मान

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी व्यापारावर चार शब्द लिहावे, अशी संपादक-बंधूंची सूचना होती. परंतु भावांची चढउतार, कर आणि कायदेकानू यांवर अधिकाराने लिहिणारे सभासद पुष्कळ आहेत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि सारा जन्म घाऊक धान्याच्या गादीवर घालविलेले. यास्तव आपण जे धान्य विकतो ते ताटात पडल्यावर माणसाचे काय होते, याविषयीच लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

बाजारात एखादे गिऱ्हाईक ‘हा माल नको’ म्हणाले, तर आपण फार तर एकदा भाव कमी करून पाहतो. त्याच्या गाडीत पोते बळेच चढवीत नाही. परंतु तोच गृहस्थ आपल्या घरी पंगतीला बसला की त्याच्या ‘नको’ला कवडीची किंमत राहत नाही. तो ताटावर आडवा हात धरतो, आपण बोटांच्या फटीतून वाढतो. ‘एकाने काय होते?’, ‘आज आमच्याकडे आलात, आज पथ्य नाही’, ‘आमचा मान ठेवणार नाही का?’ ही वाक्ये बुऱ्हाणपुरातील कोणत्या पंगतीत ऐकू येत नाहीत? त्यात आपले गाव मावा जलेबीचे आणि दराब्याचे! रवा, साखर व तूप घोटून केलेला दराबा ज्याने नाकारला, त्याने जणू गावाचाच अपमान केला, असे आपण मानतो.

आग्रह मुळात वाईट नव्हे, हे आम्ही जाणतो. पूर्वी पाहुणा बैलगाडीने दोन दिवसांची वाट तुडवून येई. वर्षातून चार वेळा गोड पाही. आणि भिडस्त स्वभावामुळे अर्धपोटी उठे. त्याची भीड मोडावी म्हणून आग्रह असे. आज पाहुणा मोटारीतून येतो, आठवड्यातून दोनदा गोड खातो आणि त्याच्या खिशात मधुमेहाच्या गोळ्या असतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लक्ष आहेत, आणि त्या रोगाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी सुमारे १३ कोटी ६० लक्ष. दिवसभर गादीवर बसणारा आपला व्यापारीवर्ग त्यांत मागे असेल, असे मानण्याचे कारण नाही. पाहुणा बदलला, आग्रह मात्र जुनाच राहिला.

आता एक गोष्ट संकोच सोडून सांगतो. आम्हांस मधुमेह झाल्याचे सहा वर्षांपूर्वी कळले. त्यानंतरच्या पहिल्याच साखरपुड्यात आम्ही यजमानांस म्हणालो, “डॉक्टरांनी गोड मना केले आहे.” ते हसले आणि त्यांनी स्वहस्ते तीन जलेब्या पानात घातल्या. ताटात उष्टे टाकणे आपणांस निषिद्ध. ताट धुवून ते पाणी पिण्याची आपली रीत. म्हणजे इतरांच्या पंगतीत जे नको असता वाढले जाते ते निदान टाकून देता येते. आपल्या पंगतीत ते खावेच लागते. आम्ही तिन्ही खाल्ल्या.

महिनाभराने दुसऱ्या घरी तोच प्रसंग आला. या वेळी आमच्या तोंडून निघून गेले, “आम्हांस मिष्टान्नाचे पच्चक्खाण आहे.” वाढणारा हात तेथेच थांबला. यजमानांनी हात जोडून अनुमोदना केली. शेजारच्या चार मंडळींनीही आमच्याकडे आदराने पाहिले. परंतु आम्ही असे कोणतेही पच्चक्खाण घेतलेले नव्हते! घरी आल्यावर हे सौभाग्यवतींस सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “जलेबी चुकवायला तुम्ही धर्माला खोटे बोलायला लावलेत. आता निदान ते खरे तरी करा.” दुसऱ्या दिवशी उपाश्रयात जाऊन आम्ही एक वर्षाचे पच्चक्खाण घेतले. त्याचा लाभ झाला; पण मनातील प्रश्न मिटला नाही. व्रताच्या ‘नको’ला आपण हात जोडतो आणि प्रकृतीच्या ‘नको’ला हसतो, हे कोणत्या न्यायाने?

वास्तविक आपल्या शास्त्रकारांनी हा भेद केलेला नाही. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत उपवासानंतर लगेच ऊणोदरी येते. दिगंबर बंधू तिला अवमौदर्य म्हणतात. भुकेपेक्षा चार घास कमी खाणे हे तप होय. पूर्ण आहाराचे माप ३२ घास धरून त्याहून कमी खाण्याचे प्रकारही सांगितले आहेत. तूप, तेल, साखर इत्यादींचा संकोच म्हणजे रसत्याग, तोही त्याच यादीत आहे. मग जो पाहुणा चार घास कमी घेऊन उठू पाहतो, तो तपच करीत आहे. आणि आपण पळी घेऊन ते मोडावयास धावतो!

उलट दिशेचा आग्रहही सांगितला पाहिजे. पर्युषणात ‘यंदा अठ्ठाई नाही का?’ असा प्रश्न इन्सुलिन टोचून घेणाऱ्यास चारचौघांत विचारला जातो. अशा माणसास वैद्याच्या सल्ल्याविना केलेला उपवास जिवावर बेतू शकतो. खाण्याचा आग्रह असो वा न खाण्याचा, दुसऱ्याच्या देहाचा हिशेब आपण लिहू नये.

हे सर्व लिहिताना आम्ही स्वतःस निर्दोष समजत नाही. आमच्या कन्येच्या विवाहात आमचे एक जुने स्नेही पंगतीस होते. त्यांना मधुमेह आहे हे आम्हांस ठाऊक होते. ते दोनदा ‘नको’ म्हणाले. आम्ही वधूपिता, तिसऱ्यांदा त्यांना नाही म्हणवले नाही. दोन वर्षांनी त्यांच्या पायाची दोन बोटे कापावी लागली. आमच्या एका पळीने हे झाले, असे कोणताही वैद्य म्हणणार नाही. परंतु अशा पळ्या किती घरी किती वेळा वाढल्या गेल्या असतील? प्रत्येकाने आपली नोंद क्षुल्लक मानली. बेरीज मात्र एकाच्या खात्यावर पडली.

बाजारातील चहाचाही हिशेब पाहावा. दुकानी येणाऱ्या प्रत्येकाबरोबर घोटभर घ्यावाच लागतो. दिवसाचे आठ कप व कपास दोन चमचे धरले तर १६ चमचे, म्हणजे सुमारे ६४ ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाची वरून घेतलेली साखर २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारे ६ चमच्यांच्या आत राहिली तर उत्तम. आपली वर्षाची साखर केवळ चहातून २३ किलो, म्हणजे ५० किलोच्या पोत्यातील जवळजवळ अर्धे पोते! फिका चहा मागणाऱ्यास ‘काय, आजारी आहात का?’ असे विचारण्याऐवजी फिका चहा द्यावा, इतके सोपे हे काम आहे.

एकट्या माणसास हे जमत नाही, समाजाने मनावर घेतले तर जमते. १९६५ साली धान्यटंचाई व युद्ध अशी दुहेरी आपत्ती असता पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. आम्ही तेव्हा अजाण बालक होतो. पण सोमवारी रात्री कोणी कोणास ‘जेवून जा’ म्हणत नसे, असे वडील सांगत. न जेवणाऱ्यास त्या काळी कारण सांगावे लागत नव्हते, कारण सर्वांनी ते आधीच मान्य केले होते.

यास्तव आमची सूचना अगदी साधी आहे. मंडळाच्या पुढील स्नेहभोजनापासून वाढणाऱ्याने एकदाच विचारावे. ‘नको’ ऐकताच, पच्चक्खाण ऐकून थांबतो तसे, थांबावे आणि कारण विचारू नये. पाने सूर्यास्तापूर्वी उठावीत, म्हणजे चौविहार करणाऱ्यांची व पथ्य पाळणाऱ्यांची सोय एकदमच होईल. आणि आपल्या निमाडात एके काळी रोजची असलेली ज्वारीची भाकरी, जी पंगतीत वाढणे आपण कमीपणाचे समजू लागलो, ती पुन्हा वाढावी. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून पाळले. जगाने मान दिलेल्या धान्यास त्याच्या व्यापाऱ्यांनीच ताटाबाहेर ठेवावे, हे शोभत नाही.

त्या स्नेह्यांना आम्ही यंदा घरी जेवावयास बोलाविले होते. भाकरी, मुगाचे वरण, दोडक्याची भाजी एवढाच बेत होता. आणखी वाढू का, असे एकदा विचारले. ते “पुरे” म्हणाले. आम्ही हात आवरला. ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले, आणि म्हणाले, “शेठ, आज पहिल्यांदा तुमच्या घरून सुखाने उठतो आहे.” सभासद बंधुभगिनींनी या शब्दांचा विचार करावा, एवढीच नम्र विनंती.