क्लिओबरोबरचा शिपाई कुठे गेला?

आन्येस वार्दाच्या ‘क्लिओ ५ ते ७’ (१९६२) वर बोलणारा जो तो एकच कथा सांगतो. कर्करोगाच्या तपासणीचा निकाल यायचा आहे, आरशात रमलेली गायिका दीड तास पॅरिसभर भटकते, बागेत एक तरुण भेटतो आणि तिची भीती सरते. म्हणजे प्रेमाने मृत्यूवर मात! असे म्हणणाऱ्यांनी अर्धाच चित्रपट पाहिला आहे.

तो तरुण, आंत्वान, शिपाई आहे. रजा संपवून त्याच संध्याकाळी अल्जीरियाच्या लढाईवर परत निघालेला. क्लिओचे मरण तिच्या शरीरातून येईल, त्याचे सरकारी हुकमाने. आणि फुकट मरण्याचेच त्याला भय आहे. टॅक्सीतल्या रेडिओवर अल्जीरियाच्या बातम्या वार्दाने आधीच पेरल्या आहेत. ही काही सजावट नव्हे. याच लढाईपायी गोदारचा ‘ल पती सोल्दा’ १९६३ पर्यंत बंदीत अडकला होता, आणि फ्रान्सने तिला कायद्याने ‘युद्ध’ म्हटले ते १९९९ मध्ये.

आपले रसिक मात्र टोप्यांचे दुकान आणि आरसे यांवरच पाने भरतात. (आरसे देखणे आहेत, कबूल.) ‘अस्तित्ववादी’ हा शब्द टाकला की शिपायाची अडचण उरत नाही. मग तो केवळ नायिकेला धीर देणारा एक भला माणूस होतो.

शेवटी डॉक्टर मोटारीत बसल्या बसल्याच दोन महिन्यांचे उपचार सांगतो आणि निघून जातो. क्लिओला निदान उपचार तरी आहेत. आंत्वानला स्टेशन गाठायचे आहे.