नकाशात आपली वस्ती कुठे आहे? भूगोलाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाविषयी

भूगोल घेऊन पदवी करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या हाती शेवटच्या वर्षी एक संशोधन प्रकल्प येतो. साठ-सत्तर पाने, स्पायरल बाइंडिंग, चार रंगीत नकाशे, पुढे प्रमाणपत्र आणि मागे प्रश्नावली. अनेक ठिकाणी तो झेरॉक्सच्या दुकानात तयार होतो आणि विभागाच्या कपाटात धूळ खात पडतो. मागच्या वर्षीचा अहवाल घ्यायचा, गावाचे आणि तालुक्याचे नाव बदलायचे, सही घ्यायची. विद्यार्थी सुटतो, मार्गदर्शक सुटतात, महाविद्यालयाचे कागद पूर्ण होतात. यात नुकसान कोणाचे होते? माझे स्पष्ट मत आहे की सर्वात जास्त आपले होते.

कारण सरळ आहे. पहिलीपासून पदवीपर्यंत आपल्या मुलांना एकच विचारले जाते, पुस्तकात काय लिहिले आहे? हा प्रकल्प पहिल्यांदा विचारतो, तू स्वतः जाऊन काय मोजलेस? ज्या समाजाबद्दल शतकानुशतके इतरांनीच लिहिले, त्या समाजातल्या मुलाने ही संधी दुकानदाराच्या पेनड्राइव्हला देऊन टाकावी, हे परवडणारे नाही.

‘विद्यार्थ्याच्या कामाला कोण विचारतो’ असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट आठवावी. बाबासाहेबांचा जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध हे विद्यार्थीदशेतलेच काम आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी तो वाचला. तेव्हा त्यांचे वय २५ होते. पुढच्याच वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये छापून आला. १९१८ मध्ये त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लेख लिहिला. जमिनीचे तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, शेतीवरचा माणसांचा भार उद्योगाकडे वळवावा लागेल, असा त्याचा रोख होता. आजच्या कृषी भूगोलाच्या वर्गात हा लेख शिकवायला हवा.

आता आपल्याकडचा नेहमीचा ग्रामसर्वेक्षण अहवाल उघडा. स्थान, भूरचना, हवामान, मृदा, लोकसंख्या, पीकरचना, समस्या व उपाय. प्रकरणे ठरलेली आहेत. या सगळ्यात गाव एकसंध असते. समजा, अहवालात लिहिले आहे की गावातल्या ८० टक्के घरांना नळ आहे. उरलेली २० टक्के घरे कुठे आहेत? ती गावभर विखुरलेली आहेत की एकाच बाजूला आहेत? हा प्रश्न न विचारता केलेली टक्केवारी भूगोलाची नव्हेच. भूगोल म्हणजे ‘कुठे’ आणि ‘तिथेच का’. सरासरी काढली की ‘कुठे’ पुसले जाते आणि त्याबरोबर आपली वस्तीही पुसली जाते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जी टीका केली, तिचे कारण हेच होते. बाहेरून एक दिसणारे गाव आतून एक नसते.

सरकारी आकड्यांवर भिस्त ठेवून हे कळणार नाही. जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यात अनुसूचित जातीची लोकसंख्या मिळते, पण त्या वस्तीतल्या किती घरांत नळ आणि शौचालय आहे ते गावपातळीवर वेगळे मिळत नाही. धर्मनिहाय आकडे तर तालुका आणि शहराच्या खाली येतच नाहीत. २०११ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख बौद्ध नोंदले गेले, पण तुमच्या गावात बौद्ध किती, हे जनगणनेचे छापील तक्ते सांगत नाहीत. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने येत्या जनगणनेत जातनिहाय गणना करण्याचा निर्णय जाहीर केला. ती होईल, आकडे येतील. तरी वस्तीपासून पाण्याच्या टाकीचे अंतर त्यात नसेल. ते पदवीचा विद्यार्थी महिनाभरात मोजू शकतो.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. निर्णय योग्यच होता. पण नाव बदलले म्हणून वस्ती स्मशानभूमीपासून, रस्त्यापासून, ओढ्याच्या पुरापासून जितकी दूर वा जवळ होती, ती तशीच राहिली. कागद आणि जमीन यांतले हे अंतर जुने आहे. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले होते. प्रत्यक्ष पाण्याला हात लागायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७. भूगोलाच्या विद्यार्थ्याने हेच अंतर मोजायचे आहे.

ते कसे मोजायचे? विषय लहान घ्या. ‘अमुक तालुक्यातील दलितांच्या समस्या’ हा विषय नाही, ती घोषणा आहे. ‘आमच्या गावातल्या पाच वस्त्यांपासून पाणी, शाळा, रेशन दुकान आणि स्मशानभूमी यांचे चालत अंतर’ हा विषय आहे, कारण तो पूर्ण होतो. मोबाइलच्या जीपीएसवर ठिकाणे नोंदवा, चार-पाच मीटर इकडेतिकडे होतील हे अहवालात लिहा. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. भूमी अभिलेखचा गावनकाशा आणि भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची स्थलनिर्देशक पत्रिका एकावर एक ठेवून पाहा. आपली वस्ती उताराच्या बाजूला, सांडपाणी वाहते तिकडेच आहे असे आपण नेहमी म्हणतो. म्हणू नका, तपासा. फक्त उपग्रहावरून मिळणारी ३० मीटरची उंचीची माहिती यासाठी पुरेशी नाही, कारण एका चौकोनात दोन-तीन घरे बसतात. तिथे पाण्याची नळी लावून पातळी मोजणारा गवंडी तुमच्या जास्त कामाचा.

दुसरा विषय जमिनीचा. १९५८ च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ वतने रद्द झाली आणि त्या जमिनी शर्तीवर परत दिल्या गेल्या. आजही सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे दिसते. एका गावातल्या अशा सगळ्या गटांचा नकाशा करा. त्यातली किती जमीन मूळ कुटुंबाकडे आहे, किती हातातून गेली, तिथे विहीर आहे का, रस्ता आहे का. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा लढा ज्या प्रश्नावर उभा राहिला, त्याचा आजचा नकाशा आपल्या एकाही चळवळीच्या कार्यालयात लावलेला मी पाहिलेला नाही.

यावर तीन आक्षेप येतात.

पहिला, ‘हा भूगोल नाही, राजकारण आहे’. पीकरचना, बाजारपेठ, धरणाचे लाभक्षेत्र हे भूगोलात चालते, आणि माणसाने कुठे राहायचे हे ठरवणारी जात मात्र चालत नाही? सामाजिक भूगोल ही या विषयाची मान्य शाखा आहे. विषय नाकारायचा असेल तर मार्गदर्शकांनी पद्धतीतली चूक दाखवावी.

दुसरा, ‘स्वतःच्या वस्तीचा अभ्यास तटस्थ नसतो’. पाटलाच्या मुलाने स्वतःच्या गावच्या उसावर प्रकल्प केला तेव्हा हा प्रश्न कोणी विचारत नाही. तरी आपण तो गंभीरपणे घेऊ. उत्तर एकच, सगळ्या वस्त्या त्याच फूटपट्टीने मोजायच्या. आपल्या वस्तीचे अंतर कमी निघाले तर तेही तसेच छापायचे. आणि कोणाचे नाव, कोणाचा गट नंबर परवानगीशिवाय अहवालात घालायचा नाही. विद्यार्थी परीक्षा देऊन शहरात जातो, माहिती देणारी माउली त्याच गावात राहते.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे आणि तो मला सर्वात वजनदार वाटतो. ‘आमच्या पोरांनी जन्मभर जातच का अभ्यासायची? त्यांनी ढगफुटी, भूजल, समुद्रकिनारा का नाही अभ्यासायचा?’ अगदी खरे आहे. कोणत्याही विभागाने बौद्ध विद्यार्थ्याला जातीचा विषय चिकटवू नये. त्याला बेसाल्टमधल्या भूजलावर काम करायचे असेल तर तेच करावे, आणि उत्तम करावे. मुद्दा निवडीचा आहे. आज मात्र वस्तीचा विषय घेऊन गेलेल्या मुलाला ‘हे नको, काहीतरी सोपे घे’ असे सांगून परत पाठवले जाते. ही निवड नव्हे.

आता व्यवस्थेकडे वळू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची होऊ शकते. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी १६० श्रेयांकांची आहे आणि त्यातले १२ श्रेयांक संशोधन प्रकल्पाचे आहेत. पण त्या वाटेवर जायला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत धोरण २०२४-२५ पासून आले, म्हणजे त्यांची पहिली तुकडी २०२७-२८ ला चौथ्या वर्षात जाईल. वेळ हातात आहे, म्हणून आत्ताच बोलले पाहिजे.

७५ टक्के कोणाला मिळतात? ज्याच्या घरात अभ्यासाची खोली आहे त्याला, की दिवसा कॉलेज करून रात्री गोदामात पाकिटे भरणाऱ्याला? संशोधनाची कुवत आणि पाठांतराचे गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामीण महाविद्यालयांत भूगोल विभाग एखाद्या कायम प्राध्यापकावर आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतो. तिथे मार्गदर्शन कोण करणार? आणि ज्याच्याकडे चौथ्या वर्षाची फी नाही, तो तीन वर्षांनी बाहेर पडणार. पुढे हाच फरक ‘गुणवत्ता’ म्हणून आपल्या तोंडावर फेकला जाईल.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. ७५ टक्क्यांच्या अटीत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी विद्यार्थ्यांना सवलत द्या, आणि गुणांऐवजी संशोधन आराखडा पाहून प्रवेशाची वाट ठेवा. पीएच.डी. करणाऱ्यांना बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, तशी पदवीच्या प्रकल्पासाठी प्रवास, नकाशे आणि छपाई निघेल एवढी छोटी रक्कम सुरू करा. ज्या महाविद्यालयात मार्गदर्शक नाही, तिथल्या विद्यार्थ्याला शेजारच्या महाविद्यालयाचा मार्गदर्शक मिळालाच पाहिजे. आणि पूर्ण झालेला प्रत्येक प्रकल्प विद्यापीठाने सर्वांना वाचता येईल असा ठेवावा.

पण सगळे सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. आपल्या विहारांत जयंतीच्या वर्गणीचा हिशेब असतो, वस्तीच्या अंतरांचा तक्ता नसतो. ग्रामसभेत आपण निवेदन देतो तेव्हा त्याला नकाशा जोडलेला नसतो, म्हणून ते फाइलीत जाते. भूगोलाचा विद्यार्थी ही उणीव भरून काढू शकतो. विहारातले एक टेबल, एक लॅपटॉप आणि प्रश्नावली भरायला सोबत येणारी वस्तीतली दोन मुले एवढे त्याला द्या. बदल्यात त्याने अहवालाची एक प्रत विभागात आणि एक प्रत वस्तीत द्यावी, आणि वस्तीसमोर उभे राहून ती सोप्या मराठीत समजावून सांगावी. बाहेरच्या परीक्षकापेक्षा ती तोंडी परीक्षा जास्त अवघड असेल, कारण तिथे प्रत्येकाला अंतर माहीत आहे. ते रोज चालतात.

शेवटच्या वर्षाला असलेल्या प्रत्येक मुलामुलीला एवढेच सांगणे आहे. विषय तुमचा निवडा, मोजणी तुमची करा आणि काम अर्धवट सोडू नका. झेरॉक्सच्या दुकानात तुमच्या गावाचा नकाशा विकत मिळत नाही.

जय भीम!