आमचा संप नव्हता, तरी वर्ग नव्हताच

परवा लंचला कुठल्यातरी विद्यापीठातल्या आंदोलनाचा विषय निघाला आणि टीममधल्या एकाने नेहमीचं वाक्य टाकलं, "आपल्या टॅक्सच्या पैशावर शिकतात आणि वर्ग सोडून घोषणा देतात!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प राहिलो. कारण हे वाक्य एकेकाळी माझंच होतं.

ऑगस्ट 2015. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला नुकताच आलो होतो. तिकडे लॉ कॉलेज रोडवर एफटीआयआयची पोरं 12 जूनपासून संपावर. टीव्हीवरच्या 'महाभारता'तले युधिष्ठिर, गजेंद्र चौहान, यांना संस्थेचं अध्यक्ष नेमलं होतं. ज्या खुर्चीत श्याम बेनेगल, गिरीश कार्नाड, अडूर गोपालकृष्णन बसले, तिथे बसायची यांची पात्रता काय, एवढा साधा सवाल होता. आम्ही होस्टेलवर हसायचो. "टॅक्सपेयरचे पैसे" वगैरे मीच म्हणायचो (तेव्हा मी स्वतः एक रुपया इन्कम टॅक्स भरत नव्हतो, ते सोडा). 28 ऑक्टोबरला, 139व्या दिवशी, नेमणूक जशीच्या तशी असताना संप मागे घेतला आणि पोरं वर्गात परतली. "झाली हौस?" ही माझी त्यावरची प्रतिक्रिया.

आता जरा हिशोब करू. 139 दिवस वाया गेले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच संस्थेत तीन वर्षांच्या कोर्सची 2008ची बॅच 2015 साली अजून अडकलेली होती. हा बॅकलॉग काही संपाने झाला नव्हता. त्यावर प्रशासनाने उपाय काय काढला? अर्धवट राहिलेल्या डिप्लोमा फिल्म्सचं आहेत तशा अवस्थेत मूल्यमापन करायचं! उद्या तुमचा मॅनेजर म्हणाला, अर्धा कोड आहे तसा रिलीज करा, तर तुम्ही काय कराल? त्या पोरांनी संचालकांना घेराव घातला आणि मध्यरात्री पोलिसांनी पाच जणांना अटक केली. घेराव मला आजही पटत नाही. माणसाला कोंडून उत्तर मिळत नसतं. पण म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही.

आणि वर्गात परतणं म्हणजे हार, हे कुणी ठरवलं? परततानाच त्यांनी सांगितलं होतं की विरोध चालू राहील. 7 जानेवारी 2016 ला चौहान पदभार घ्यायला आले तेव्हा तीच पोरं गेटवर होती, आणि त्यांनी लाठ्याही खाल्ल्या.

आता हल्ली उलट टोक. त्याच संपातल्या पायल कपाडियाला 2024 मध्ये कानचं ग्रां प्री मिळालं आणि अचानक सगळे म्हणायला लागले, बघा, पोरं बरोबर होती! हेही मला मान्य नाही. बक्षीस मिळालं नसतं तर काय ते चूक ठरले असते? आपल्याला प्रत्येक गोष्टीचा आउटपुट बघून मार्क द्यायची सवय लागलीये. आपल्या शिक्षकांबद्दल प्रश्न विचारायला आधी कानला जाऊन यावं लागतं का?

आता खरी बोचणारी गोष्ट. सेकंड इयरला आमच्या एका विषयाला अर्धं सेमिस्टर शिक्षकच नव्हते. आम्ही काय केलं? झेरॉक्सवाल्याकडून नोट्स आणल्या, आदल्या रात्री घोकल्या, पास झालो. साठ जणांत एकानेही साधा अर्ज दिला नाही. हजेरी मात्र सगळ्यांची व्यवस्थित लागली. आमच्या कॉलेजच्या रेकॉर्डला एकही दिवस वाया गेलेला नाही! तो विषय मी पुढे नोकरीत शिकलो, प्रॉडक्शनला दोन वेळा आपटून.

म्हणजे संपाचे दिवस मोजायला सगळे तयार. रिकाम्या वर्गाचे तास कोण मोजणार? निदान त्या पोरांना माहीत होतं की आपण कशासाठी वर्ग सोडला आणि परत कुठे चाललोय. आम्ही तर वर्गात बसूनच गैरहजर होतो.

असो. सोमवारी लंचला तो पुन्हा ते वाक्य टाकेलच. या वेळी त्याला विचारणार आहे, "तुझे किती तास बुडले होते रे, संप नसताना?"