अकरा दिवसांचं वर्ष

मैत्रिणींनो, सुट्टीच्या दुपारी मुलं मोबाईल सोडत नाहीत ना? मग सापशिडीचा फासा आणि एक कोरी वही घ्या, अन् त्यांना ‘प्रॉक्झिमा बी’ या ग्रहावर धाडा. २०१६ साली सापडलेला हा ग्रह सव्वाचार प्रकाशवर्षं दूर आहे. वर्ष अवघं अकरा दिवसांचं. म्हणजे दर अकरा दिवसांनी दिवाळी; फराळ कोण करणार?

त्याची एकच बाजू कायम सूर्याकडे असावी, असा अंदाज आहे. एकीकडे न मावळणारं ऊन, दुसरीकडे न सरणारी रात्र. वस्ती करायची मधल्या संधिप्रकाशात. तिथला तांबडा सूर्य अधूनमधून भडकतो. फाशावर एक पडला की सगळ्यांनी घरात! हवा-पाणी आहे का, ते अजून कळलेलं नाही. तेवढं मुलांनी ठरवावं.

आमच्याकडे पापड वाळवायला उन्हाच्या बाजूला कोण जाणार, यावरूनच जुंपली. मग धाकटी म्हणाली, ‘‘आई, तिथे रात्रच होत नाही, मग तुझं काम संपणार कधी?’’

मी फासा हातात धरून तशीच बसले. सासूबाई म्हणाल्या, ‘‘टाक गं फासा. आपण दोघी अंधाराच्या बाजूला निजायला जाऊ.’’