अझोर्सचा तळ आणि आग्वादची कोठडी

चारबागहून : साप्ताहिक स्तंभ

लखनौत चारबाग म्हटलं की दोन स्टेशनं डोळ्यांपुढे येतात. लाल-पांढऱ्या घुमटांचं भव्य स्टेशन ती ‘बडी लाईन’, आणि त्याला लागूनच मुंबईची पुष्पक एक्स्प्रेस जिथून सुटते ते लखनौ जंक्शन, म्हणजे ‘छोटी लाईन’. रुळांची रुंदी कधीच बदलली, पण रिक्षावाल्यांच्या तोंडची नावं तीच राहिली. गेल्या आठवड्यात भाच्याला पुष्पकवर बसवायला गेलो होतो. मुंबईत दोन दिवस काढून तो पुढे मडगावला जाणार होता. गाडीला वेळ होता, म्हणून चहा घेऊन बडी लाईनच्या आवारात थांबलो. १९१६ च्या डिसेंबरात लखनौ काँग्रेसच्या वेळी गांधीजी आणि जवाहरलाल नेहरू पहिल्यांदा भेटले ते इथे. सुरतेच्या फुटीनंतर लोकमान्य टिळक काँग्रेसच्या अधिवेशनात परतले तेही त्याच वर्षी, याच शहरात.

भाचा मोबाइलवर बातम्या वाचत होता. मध्येच म्हणाला, “मामा, मानवी हक्कांवर एवढं बोलणारे हे पाश्चात्त्य देश हुकूमशहांना बोलावून मेजवान्या कशा देतात? त्यांना त्यांचीच माणसं काही विचारत नाहीत का?”

मी म्हटलं, “तू जिथं निघालायस ना, तिथंच याचं उत्तर आहे.” तेवढ्यात गाडी लागल्याची घोषणा झाली आणि बोलणं अर्धवट राहिलं. ते आज पुरं करतो.

लखनौत डॉ. राममनोहर लोहियांचं नाव पावलोपावली भेटतं. त्यांच्या नावाचं उद्यान आहे, रुग्णालय आहे, विधी विद्यापीठ आहे. अकबरपूरचा हा माणूस समाजवाद्यांचा गुरू म्हणून इथे सगळ्यांना ठाऊक. पण मडगावच्या मैदानाला त्यांचं नाव कसं मिळालं, हे मी इथे ज्यांना विचारलं त्यांतल्या फार थोड्यांना सांगता आलं. १९४६ च्या एप्रिलमध्ये लोहिया तुरुंगातून सुटले. त्याआधी लाहोरच्या किल्ल्यात इंग्रजांनी त्यांचे हाल केले होते. प्रकृती सावरावी म्हणून जूनमध्ये ते गोव्यात असोळण्याला, बर्लिनच्या दिवसांतले मित्र डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी गेले. विश्रांती राहिली बाजूला. भेटायला येणारा जो तो एकच गाऱ्हाणं सांगत होता. सभा घ्यायची सोय नाही, छापायची सोय नाही, लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात जात नाही. १८ जूनला भर पावसात मडगावात लोक जमले. लोहिया बोलायला उभे राहिले आणि पोलिसांनी त्यांना पकडून नेलं. पण सभाबंदी त्या दिवशी मोडली ती मोडलीच. गांधीजींनी ‘हरिजन’मधून लोहियांची बाजू घेतली. नेहरूंना मात्र तेव्हा गोवा म्हणजे हिंदुस्थानच्या चेहऱ्यावरची एक पुटकुळी वाटत होती.

गोव्याचा लढा आपण परकीयांविरुद्धचा लढा म्हणून शिकतो. तो होताच. पण ते परकीय स्वतःच्या देशातही हुकूमशाहीखाली जगत होते, ही गोष्ट आपल्या शिकण्यात पुसट राहून जाते. अंतोनियु सालाझार १९३२ पासून पोर्तुगालचा पंतप्रधान होता. पक्ष एकच, वृत्तपत्रांवर सेन्सॉरची कात्री, आणि ‘पिडे’ नावाचं गुप्त पोलीस खातं. विरोधकांसाठी त्याने १९३६ मध्ये केप व्हर्दे बेटांवर ताराफालची छावणी उघडली होती. मायदेशी पेनिशचा किल्ला होता. गोव्याचे त्रिस्ताव ब्रागांस कुन्हा यांना १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन त्याच पेनिशला धाडलं. पोर्तुगीज बंडखोर आणि गोमंतकीय देशभक्त एकाच भिंतींआड होते.

म्हापशाची एक गोष्ट मला कधी विसरता आलेली नाही. १७ फेब्रुवारी १९५४ ची रात्र. एक मेजवानी चालू होती. गोवा म्हणजे पोर्तुगालच, असं एका वक्त्याने म्हटलं. जेवायला आलेल्यांपैकी डॉ. पुंडलिक गायतोंडे, व्यवसायाने शल्यविशारद, मोठ्याने म्हणाले की मला हे मान्य नाही. ना घोषणा, ना पत्रक. भरल्या टेबलावर उच्चारलेला एक नकार. तेवढ्यासाठी त्यांना अटक झाली आणि बोटीत घालून पोर्तुगालला नेण्यात आलं.

याच राजवटीने पाच वर्षांपूर्वी, ४ एप्रिल १९४९ ला, वॉशिंग्टनमध्ये ‘नाटो’च्या करारावर संस्थापक देश म्हणून सही केली होती. त्या कराराच्या प्रस्तावनेत लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य यांचं रक्षण करण्याची प्रतिज्ञा आहे. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स, नॉर्वे, सगळ्यांनी त्या प्रतिज्ञेखाली सालाझारच्या प्रतिनिधीच्या शेजारी सही केली. शेजारच्या स्पेनमध्ये फ्रँकोही तसलाच हुकूमशहा. पण त्याला ‘नाटो’चं दार बंद राहिलं आणि सालाझारला पहिल्या पंगतीत पाट मिळाला. हा फरक बराचसा बेटांमुळे पडला. अटलांटिकच्या मधोमध अझोर्स बेटं पोर्तुगालच्या ताब्यात होती. त्या काळच्या विमानांना अमेरिकेतून युरोपात येताना इंधनासाठी उतरायला तिथला लाजेशचा तळ हवा होता. महायुद्धात १९४३ मध्ये ब्रिटनने तो वापरायला घेतला, मग अमेरिकेने. शीतयुद्धात तो सोडणं कुणाला परवडणार नव्हतं, आणि हे सालाझारइतकं नेमकं दुसऱ्या कुणी ओळखलं नव्हतं.

आता १९५५ कडे येऊ. त्या वर्षी पुण्याच्या गोवा विमोचन सहाय्यक समितीने सत्याग्रहींच्या तुकड्या धाडायला सुरुवात केली. मे महिन्यात नानासाहेब गोरे गेले, त्यांच्याबरोबर पंचाहत्तरीला आलेले सेनापती बापट होते. पुढे मधु लिमये गेले. गोऱ्यांना दहा वर्षांची, लिमयांना बारा वर्षांची शिक्षा झाली. १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र माणसं सीमा ओलांडून आत शिरली. पत्रादेवीला आणि इतरत्र त्यांच्यावर गोळ्या चालल्या. वीसहून अधिक माणसं गेली. त्यांत हिरवे गुरुजी होते, पंजाबच्या इसरू गावचे कर्नैलसिंग होते, उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ होते. सागरच्या सहोदराबाई राय तिरंगा हातात धरून पुढे चालल्या होत्या, त्या जखमी झाल्या.

हे रक्त वाळून साडेतीन महिने झाले होते, तेव्हा २ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पावलु कुन्हा यांनी वॉशिंग्टनमध्ये एक संयुक्त पत्रक काढलं. सोव्हिएत नेते क्रुश्चेव आणि बुल्गानिन तेव्हा भारताच्या दौऱ्यावर होते आणि गोव्यावर भारताच्या बाजूने बोलत होते. त्याला उत्तर म्हणून हे पत्रक होतं. त्यात गोव्याचा उल्लेख पूर्वेकडच्या ‘पोर्तुगीज प्रांतां’मध्ये आला. चार दिवसांनी पत्रकारांनी छेडल्यावर डलेस यांनी माघार घेतली नाही. साऱ्या जगाच्या दृष्टीने तो पोर्तुगालचाच प्रांत आहे, अशा अर्थाचं ते बोलले.

‘प्रांत’ या एका शब्दाशी थोडं थांबायला हवं. त्याच्या चार वर्षं आधीपर्यंत पोर्तुगीज कायद्यात गोवा ‘वसाहत’च होता. वसाहती सोडा असा जगाचा रेटा वाढू लागला तेव्हा सालाझारने १९५१ मध्ये राज्यघटना दुरुस्त केली आणि सगळ्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असं नाव दिलं. वसाहतच नाही, तर सोडायची काय, असा तो डाव. माणसाच्या गळ्यातला फास तसाच ठेवून फासाचं नाव बदलायचं. हुकूमशहाने स्वतःच्या सोयीसाठी घडवलेला हा शब्द एका लोकशाही देशाच्या परराष्ट्रमंत्र्याने उचलला आणि आपल्या सहीने जगापुढे ठेवला. हुकूमशहाला मित्राकडून शस्त्रं लागतात, पैसा लागतो, हे आपण जाणतो. पण त्याहून जास्त त्याला हे लागतं. आपली भाषा कुणीतरी प्रतिष्ठित माणसाने बोलावी, एवढं त्याला पुरतं. आग्वादच्या किल्ल्यात कैदेत बसलेल्या नानासाहेब गोऱ्यांच्या दृष्टीने त्या डिसेंबरात बंदुकीची एक गोळीही जास्त झाडली गेली नव्हती. पण त्यांना कोंडणारा माणूस एकटा नाही, हे ठरून गेलं होतं.

आणि मग मोहन रानडे. सांगलीचे मनोहर आपटे शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि आझाद गोमंतक दलात हे नाव घेऊन लढले. रानडे सत्याग्रही नव्हते, हातात शस्त्र घेतलेले होते, हे सांगायलाच हवं. १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात ते जखमी झाले, पकडले गेले. शिक्षा २६ वर्षांची. पुढे त्यांना लिस्बनजवळ काशियसच्या तुरुंगात हलवलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, रानडे आत. घराघरांत तिरंगा लागला, गोव्यात निवडणुका झाल्या, रानडे आत. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. त्या सगळ्या काळात पोर्तुगाल ‘नाटो’चा सन्माननीय सदस्य होता, १९६० पासून युरोपीय मुक्त व्यापार संघाचाही. सालाझारला निवडणुकीत आव्हान देणाऱ्या जनरल उंबेर्तु देलगादु यांचा १९६५ मध्ये ‘पिडे’ने स्पेनच्या हद्दीत खून केला, तरीही पोर्तुगालची जागा हलली नाही.

कुणी म्हणेल, वॉशिंग्टनमध्ये तेव्हा विवेकाची माणसंही होती. होती. अंगोलात १९६१ च्या सुरुवातीला उठाव झाला आणि पोर्तुगालने तो निर्दयपणे दडपायला घेतला, तेव्हा केनेडी सरकारने संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगालविरुद्ध मत दिलं होतं. पण अझोर्सच्या तळाचा करार १९६२ च्या अखेरीस संपत होता. मुदत जवळ येत गेली तसा अमेरिकेचा आवाज मऊ होत गेला. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताने गोव्यातून सैन्य मागे घ्यावं असा ठराव आला. तो मांडणारे देश अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान. बाजूने ७ मतं, विरुद्ध ४. विरोधात सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला.

आता जे लिहितो ते लिहिताना मला वेदना होतात. आपल्या बाजूने नकाराधिकार वापरणाऱ्या याच सोव्हिएत संघाने १९५६ च्या नोव्हेंबरात बुडापेस्टमध्ये रणगाडे घातले होते, आणि तेव्हा आपल्या सरकारची जीभ अडखळली होती. पुढचं याहून जवळचं. म्यानमारच्या ऑंग सान स्यू ची यांना आपण नेहरूंच्या नावाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार दिला. त्या नजरकैदेत असतानाच, २०१० च्या जुलैमध्ये, त्यांना कोंडणाऱ्या लष्करी राजवटीचा प्रमुख थान श्वे दिल्लीत आपला पाहुणा होता. राजघाटावर, गांधीजींच्या समाधीवर, त्याने पुष्पचक्र वाहिलं. कारणं होती, खरीच होती. ईशान्येच्या सीमेपलीकडचे बंडखोरांचे तळ, मिझोरामला समुद्राशी जोडणारा मार्ग, चीनचा वाढता पाय. डलेसकडेही कारणं खरीच होती. अझोर्सचं अंतर त्याने मनाने रचलेलं नव्हतं.

२०२० च्या डिसेंबरात फ्रान्सच्या अध्यक्षांनी इजिप्तचे अध्यक्ष सीसी यांना आपल्या देशाचा सर्वोच्च किताब दिला. समारंभ फ्रेंच पत्रकारांना न कळवता झाला. चित्रं बाहेर आली ती इजिप्तकडून. इटलीने जुलियो रेजेनी हा आपलाच तरुण संशोधक २०१६ मध्ये कैरोत छळ होऊन मेलेला पाहिला आणि नंतर इजिप्तला युद्धनौका विकल्या. या बातम्या वाचून भाच्याला चीड येते, ती यावीच. फक्त ती वॉशिंग्टन-पॅरिसपाशी अडू नये, दिल्लीपर्यंतही यावी, एवढंच माझं म्हणणं आहे. आपण डलेसच्या त्या पत्रकाची दुसरी बाजू सोसलेली माणसं आहोत. कोठडीत बसून ‘प्रांत’ हा शब्द ऐकणाऱ्यांची आपण नातवंडं आहोत.

सगळ्या वाईट राजवटींशी संबंध तोडा, असं मी म्हणत नाही. सीमा ज्याच्याशी लागते त्याच्याशी बोलावंच लागतं. पण बोलताना कैद्याचं नाव घेता येतं. मोहन रानडे सुटावेत म्हणून सुधीर फडक्यांसारख्या गायकाने गाणं बाजूला ठेवून वर्षानुवर्षं खटपट केली, समिती उभी केली, दारं ठोठावली. त्यांच्याकडे ना तळ होता, ना तेल, ना सैन्य. एक नाव होतं, आणि ते त्यांनी विसरलं जाऊ दिलं नाही. हे एका गायकाला जमलं, तर परराष्ट्र खात्याला का जमू नये? करारावर सही करताना टेबलाच्या पलीकडच्या माणसाला विचारा की तुमच्या तुरुंगात अमुक आहे, त्याची तब्येत कशी आहे, त्याच्या घरच्यांना भेटू देता का. उत्तर खोटं येईल. तरी पुढच्या भेटीत पुन्हा विचारा. आणि त्याने आपल्या गुन्ह्यासाठी शोधलेला शब्द आपल्या पत्रकात घालू नका.

काल भाच्याचा मडगावहून फोन आला. लोहिया मैदान पाहून तो आग्वादला गेला होता. तिथल्या जुन्या तुरुंगाचं आता संग्रहालय झालं आहे. लोहिया आणि त्रिस्ताव कुन्हा यांच्या नावाच्या दोन कोठड्या त्याने पाहिल्या, आत उभा राहून आला. म्हणाला, “मामा, किती लहान आहेत रे त्या. आणि रानडे?”

“त्यांच्या कैदेची शेवटची वर्षं तिकडे गेली,” मी म्हटलं. “लिस्बनजवळ.”

— चारबागकर