दोघांनीच अलिबागला जायचे

उल्हासनगरच्या कॅम्पांपासून अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींपर्यंत आमच्या वस्त्यांतून अलिबाग न पाहिलेला पुरुष शोधूनच काढावा लागेल. कंपनीची पिकनिक, मंडळाची सहल, मित्राची पार्टी, काही ना काही निमित्ताने तो जाऊन आलेला असतो. आणि त्याच घरांतून अलिबाग पाहिलेली बाईही शोधूनच काढावी लागते. तिच्या वाट्याला अलिबाग येते ते शोकेसमधल्या शिंपल्यांच्या बाहुलीच्या रूपाने आणि वाळूने भरलेल्या, धुवायला टाकलेल्या कपड्यांच्या रूपाने.

गेल्या महिन्यात महिला मंडळाची बैठक संपल्यावर एका भगिनीने आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "दादा, गाडी नसताना दोघांना समुद्रावर एक रात्र राहून येता येते का हो?" वय त्रेचाळीस, घरी बसून जीन्सचे धागे कापायचे काम, दोन मुले कॉलेजात. मागे उभ्या असलेल्या दोघी-तिघी हसल्या. यात हसण्यासारखे काय होते? आमच्या मते हा प्रश्न फार पूर्वीच विचारला जायला हवा होता.

आम्ही प्रवास करीत नाही असे नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २० मार्चला महाड, १ जानेवारीला भीमा-कोरेगाव, जमल्यास नागपूर. पण हा सारा प्रवास समुदायाचा. दादरला रांगेत उभे राहून अभिवादन केले, पुस्तके घेतली, गर्दीत मुलांचे हात घट्ट धरले आणि परतीची लोकल पकडली. समुद्र पाठीमागेच असतो, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघायला कोण जाते? जायचे कारणही नसते. मग एरवी तरी जाता का? दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे नवरा-बायकोला एकांत तर सोडाच, धड भांडताही येत नाही. अर्धे बोलणे आजीच्या कानावर नको म्हणून राहते, अर्धे मुलांच्या अभ्यासासाठी. वीस वर्षे संसार झाला तरी कित्येक गोष्टी बोलायच्या राहून गेलेल्या असतात.

तेव्हा त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर : होय, येते. आणि गाडी नाही ही अडचण नव्हे. गाडीवाले वडखळ नाक्यावर अडकून पडतात आणि बोटीने जाणारे त्याआधी पोहोचून चहा घेत असतात, हे सुट्टीच्या दिवशी कोणालाही पाहता येईल.

रस्ता असा. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर, अंबरनाथ ६०, उल्हासनगर ५८. लोकलला साधारण दीड तास. तिथून गेटवे ऑफ इंडिया चालत अर्धा तास, नाहीतर बेस्टची बस. गेटवेहून मांडव्याची बोट तासाभराची. बोटीच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस येते, म्हणून उतरल्यावर तिकीट फेकू नका, बसमध्ये विचारतात. सकाळी सहाची लोकल धरली तर अकरा-साडेअकराला अलिबागच्या स्टँडवर. हिवाळ्यात समुद्रपक्षी बोटीबरोबर उडत येतात, ते बघायला डेकवर बसावे. पावसाळ्यात गेटवेच्या या बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारे मोठे रो-रो जहाज मार्च २०२० पासून सुरू झाले. त्यात मोटारी जातात, तशी पायी जाणारी माणसेही जातात.

ज्यांना बोट लागते त्यांनी एस.टी. धरावी. कल्याणहून पनवेल, पनवेलहून अलिबाग. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे भाडे आहे, म्हणजे दोघांचे मिळून दीड तिकीट. आगगाडी आवडत असेल तर दिव्याहून रोह्याकडे जाणारी गाडी पेणला थांबते, तिथून अलिबाग एस.टी.ने तासाभराचे. गावात फिरायला सहा आसनी मिनिडोर आहेत. वरसोली चालत जाण्याइतके जवळ, नागाव-आक्षी थोडे लांब. किहीम मांडव्याच्या रस्त्यावर आहे. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० साली सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला तो याच किहीमला.

आता दिवस कोणता धरायचा? इथे जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण रविवार बघतात आणि समुद्र बघतच नाहीत. अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात कुलाबा किल्ला आहे. १६८० साली शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे. ओहोटीला तिथे पायी जाता येते, भरतीला येत नाही. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये हे, प्रत्यक्ष पिऊन पाहिल्याशिवाय पटत नाही.

भरती-ओहोटीचा आपल्या किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन : दुपारी तीनच्या सुमारास भरती, पहाटे तीनच्या सुमारासही भरती. ओहोटी त्यापासून सहा तासांवर, म्हणजे सकाळी नऊला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, आणि वेळ सोयीची म्हणून लोक फसतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, किल्ल्याच्या वाटेवर बरेच शिल्लक राहते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा पाणी चांगले ओसरते, पण पहाटे आणि दिवेलागणीला. म्हणून उत्तम दिवस द्वितीया ते चतुर्थी : पाणी भरपूर उतरते आणि वेळ सकाळी साडेसात ते नऊची. हा ठोकताळाच आहे. निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना विचारावे आणि पाणी वळू लागले की लगेच परत फिरावे. आत अडकलात तर सहा-सात तास किल्ल्याचे पाहुणे.

यातून आमच्या घरांपुरता एक योग फार चांगला जुळतो. पौर्णिमेची वंदना विहारात करायची, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे. त्या दिवशी प्रतिपदा. सूर्य समुद्रात बुडतो आणि थोड्याच वेळात चंद्र पाठीमागच्या नारळीतून वर येतो, जेवून किनाऱ्यावर गेलात तर बत्ती लागत नाही. दुसऱ्या सकाळी द्वितीयेची ओहोटी साडेसातला, किल्ला बघून दहापर्यंत परत. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, तोवर पाऊसही सरलेला असतो. तिथून माघ पौर्णिमेपर्यंत हवा उत्तम. पौर्णिमा आठवड्याच्या मधल्या वारी आली तर आणखी बरे. शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव चढतात आणि किनाऱ्यावर शांतता मिळत नाही. एक रजा जाईल, जाऊ द्या. रजा साठवून शेवटी आजारपणातच खर्च होते, हे आम्ही हजेरीपटावर वर्षानुवर्षे पाहतो.

खोलीबद्दल. स्टँडवर "रूम पाहिजे का" म्हणत मागे लागणाऱ्याबरोबर जाऊ नये. वरसोली, नागावला घरगुती राहण्याची सोय अनेक वाड्यांत आहे. आधी फोन करून भाडे एका माणसाचे की दोघांचे, जेवण धरून की वेगळे आणि खोली किती वाजता सोडायची, एवढे विचारावे. दोघांची आधार कार्डे जवळ ठेवा. आमच्यातल्या कित्येक भगिनींच्या कार्डावर अजून माहेरचेच आडनाव आहे, आणि मग काउंटरवरचा माणूस वर-खाली बघतो. खोली घ्यायला लग्नाचा दाखला लागतो असा कायदा नाही. पण वादात अर्धा दिवस आणि बायकोचा सारा उत्साह जातो, म्हणून दाखल्याची एक झेरॉक्स पिशवीत टाकावी. विवाह विहारात लागला आणि पालिकेत नोंदवायचा राहून गेला असेल तर ते काम या निमित्ताने उरकून टाका. पुढे पेन्शनच्या वेळीही तोच कागद लागतो.

खर्चाचे आम्ही कारकून, त्यामुळे आकडा मांडल्याशिवाय चैन पडत नाही. लोकल आणि बोट ठरलेली. जास्त जाते ते खोली आणि जेवण. दर महिन्याला ३०० रुपये बाजूला पडले तर वर्षात ३६०० होतात. दिवसाला दहा रुपयांची तंबाखू खाणारा वर्षात ३६५० रुपये थुंकतो. हिशेब ज्याचा त्याने करावा. पैशांचा डबा मात्र तिच्या ताब्यात असावा, कारण त्याच्या ताब्यातला डबा गणपतीच्या वर्गणीपासून मेहुण्याच्या मोटारसायकलीपर्यंत कशालाही फुटतो.

आणि एक गोष्ट पुरुष वाचकांना सांगायची आहे. जायचे ठरले की ती पहिला प्रश्न विचारील, "डबा काय करून घेऊ?" काही नको म्हणा. पहाटे चारला उठून तिने पंधरा चपात्या लाटल्या, सुकी भाजी बांधली, मागे राहणाऱ्यांचे दोन वेळचे रांधून ठेवले आणि मग बोटीत बसली, तर तिची सुट्टी कसली? फक्त स्वयंपाकघराची जागा बदलली. तिथे तिला दुसऱ्याच्या हातचे गरम वाढून मिळू द्या. सुरमईची थाळी, तांदळाची भाकरी, सोलकढी. तिने मागून घ्यावे, ताट उचलायला उठू नये. ती उठेलच. तेव्हा हात धरून बसवा.

राहता राहिले घरचे लोक. "या वयात हनिमून का?" असे एखादी शेजारीण म्हणतेच. सासूबाई बोलल्या नाहीत तरी गप्प होतात, आणि त्या गप्प होण्यातही अर्थ असतो : त्यांना कोणी कधी नेले नाही. त्यावर काही जोडपी युक्ती काढतात, नात्यातल्या लग्नाला चाललो असे खोटे सांगून निघतात. असे करू नका. लपून गेलात तर मुलांना वाटेल की आईवडिलांनी एकत्र जाणे ही लपवण्याची गोष्ट आहे. सरळ सांगा, आम्ही दोघे समुद्र बघायला चाललो आहोत, उद्या रात्री येऊ, कुकरला दोन शिट्ट्या द्या. मुलगा आणि मुलगी दोघांनाही सांगा, एकट्या मुलीला नव्हे.

परतताना वेळ असेल तर बोटीऐवजी एस.टी.ने पेणमार्गे या. वाटेत पोयनाड लागते. त्याच परिसरातल्या चरी गावाने १९३३ ते १९३९ खोतांच्या विरोधात जमीन न कसण्याचा संप केला, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली. बाबासाहेबांनी त्या कुळांची बाजू घेतली आणि १९३७ साली खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. खिडकीजवळ तिला बसवा.

आणि मुले ज्या आत्याकडे किंवा मावशीकडे ठेवली तिच्यासाठी शिंपल्यांची बाहुली आणू नका, ती आधीच एक आहे. फेब्रुवारीनंतर गेलात तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ मिळते, ती आणा. त्याआधी गेलात तर सुके बोंबील आणि जवळा, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून, कारण संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये वास सुटला तर बसायला जागा मिळेल, पण शेजार मिळणार नाही.