स्ट्रॉबेरी कशासाठी?

आमच्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे काउंटरच्या काचेखाली काँडोमची पाकिटं मांडलेली असतात. स्ट्रॉबेरी, चॉकलेट, केळं, कॉफी. मध्यंतरी एका कंपनीने लोणच्याच्या चवीचंही काढलं होतं. शाळेतली पोरं खोकल्याचं औषध घ्यायला येतात, आज्या गुडघ्याचा पट्टा घ्यायला येतात आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हा फळबाजार उघडा असतो. माझा प्रश्न साधा आहे. या वस्तूला चव कशाला लागते? जे दोन अवयव डोळ्यांसमोर ठेवून ती बनवली असं आपण समजतो, त्यांतल्या एकालाही चव कळत नाही.

उत्तर कंपनीला माहीत आहे, केमिस्टला माहीत आहे, गिऱ्हाइकाला तर आहेच. ते माहीत नसल्यासारखं वागतात ते आपले डॉक्टर. आणि माझी तक्रार त्यांच्याबद्दल आहे. सगळ्यात आधी त्यांच्याबद्दल, मग तुमच्या-माझ्याबद्दल.

गेल्या गणपतीच्या सुमारास माझ्या खालच्या ओठाच्या आत एक फोड आला. एकच, कडा जरा कडक आणि अजिबात न दुखणारा. मी एक्केचाळीस वर्षांची आहे, घटस्फोटाला सहा वर्षं झाली, नोकरी करते, एकटी राहते. फॅमिली डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "तोंड आलंय. बी-कॉम्प्लेक्स घ्या, तिखट बंद करा." तोंड आलं की ते झोंबतं, भाताचा घासही जात नाही, आणि हे तर दुखतच नव्हतं. ही गोष्ट मला खटकली, त्यांना नाही. महिन्याभरात फोड आपोआप गेला. बी-कॉम्प्लेक्सचा गुण आला, असं दोघांनी धरून चाललो.

दिवाळीत तळहातांवर तांबूस-तपकिरी डाग उठले. खाज नाही, आग नाही. "भांड्यांचा साबण बदला." मी साबण बदलला. आठवड्याने तेच डाग तळपायांवर आले. मी पायांनी भांडी घासत नाही, हे मी डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि ॲलर्जीची गोळी लिहून दिली.

शेवटी मैत्रिणीने एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे ढकललं. त्यांच्या पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' असं लिहिलेलं होतं आणि जिना चढताना माझी नजर ओळखीचं कुणी दिसतंय का ते शोधत होती, हेही प्रामाणिकपणे सांगते. बाईंनी हात पाहिले, पाय पाहिले आणि विचारलं, "अडीच-तीन महिन्यांपूर्वी कुठे न दुखणारी जखम झाली होती? तोंडात?" मग तितक्याच सपाट आवाजात, "ओरल सेक्स झाला होता का?" आयुष्यात पहिल्यांदा एका डॉक्टरने मला हा प्रश्न विचारला होता. रक्त तपासलं. व्हीडीआरएल १:६४, टीपीएचए पॉझिटिव्ह. सिफिलिस. म्हणजे आपल्या जुन्या कादंबऱ्यांत लोक ज्याला गरमी, उपदंश म्हणायचे आणि ज्याने वाया गेलेले जमीनदार मरायचे, तो. उपाय काय? बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन, एकदाच, अर्धं एका कुल्ल्यात, अर्धं दुसऱ्यात. दुखतं भयंकर. दोन दिवस मी खुर्चीत तिरकी बसत होते. पण आजार बरा होतो.

ज्याच्याकडून तो आला त्या मित्राला फोन केला. तो बिचारा खरोखर गोंधळला. म्हणाला, "पण आपण तर काही केलंच नाही!"

या वाक्याने माझं डोकं गेलं आणि हा लेख त्या वाक्यामुळे लिहिला जातोय. कारण त्याचं बरोबर होतं. आम्ही 'काही केलंच नव्हतं'. त्याने विम्याच्या वेळचा एचआयव्ही निगेटिव्ह रिपोर्ट दाखवला होता, माझाही होता, आणि तरी शहाण्यासारखं आम्ही ठरवलं होतं की सध्या 'तेवढंच'. दिवस राहायची भीती नाही, एड्सची नाही, म्हणजे सेफ. त्याला स्वतःला एक बारीकसं खरचटल्यासारखं झालं होतं. पँटच्या चेनने असेल म्हणून त्याने सोडून दिलं होतं. माझ्या डॉक्टरांनी मला "संबंध आहेत का?" असं विचारलं असतं, तरी मी "नाही" म्हणाले असते. खोटं बोलण्यासाठी नाही. मला खरंच तसं वाटत होतं.

याचं खापर थोडं भाषेवर फोडायला हवं. या गोष्टीसाठी मराठीत एक तर 'मुखमैथुन' आहे, जो शब्द तोंडातून काढताना शंकराचार्य झाल्यासारखं वाटतं, नाहीतर शिवी आहे. मधलं काही नाही. ज्या गोष्टीला घरात बोलायचा शब्द नाही, ती गोष्ट मोजली जात नाही. 'गुप्तरोग' हा शब्द आपण लोकलच्या डब्यातल्या बाबा-बंगाली जाहिरातींतून शिकतो, आणि गुप्त म्हणजे कमरेखालचं एवढंच समजतो. घशातला गनोरिया हा खरा गुप्तरोग. बहुतेकांना त्याचं कुठलंच लक्षण नसतं. घसा दुखत नाही, ताप येत नाही. तो तिथे काही आठवडे, कधी महिने मुकाट बसतो आणि पुढच्या माणसाकडे जातो.

संस्कृतीरक्षक मंडळी म्हणतील, ही थेरं पाश्चात्त्यांकडून आणि मोबाइलमधून आली. वात्स्यायनाने कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणातला एक अख्खा अध्याय, नववा, औपरिष्टकाला दिला आहे. त्यात त्याची नाकं मुरडणंही आहे आणि देशोदेशीच्या चालीरीतींची नोंदही. अर्थात वात्स्यायनाची परवानगी मला नको आहे. मुद्दा इतकाच, की इंग्रजांनी १८६२ पासून लागू केलेल्या ३७७ कलमात 'निसर्गक्रमाविरुद्ध' या दोन शब्दांत ही गोष्टही येत होती, नवरा-बायकोतलीसुद्धा. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीने वागणाऱ्या प्रौढांना त्यातून मोकळं केलं. दीडशेहून जास्त वर्षं जी गोष्ट कागदोपत्री गुन्हा होती, ती रुग्णाने डॉक्टरला आपणहून सांगावी अशी अपेक्षा कशी करायची? म्हणून विचारायचं काम डॉक्टरचं आहे.

२००७ साली याच पुरोगामी महाराष्ट्राने शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद पाडलं. २०१७च्या डिसेंबरात केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्याने टीव्ही वाहिन्यांना काँडोमच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ याच वेळात दाखवायला सांगितलं. आणि आपण र. धों. कर्व्यांवर व्याख्यानं ठेवतो, हार घालतो. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, त्यात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. त्या उत्तरांपायी १९३४ला अश्लीलतेचा खटला झाला, बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी ते हरले. कर्व्यांना आज एखाद्या मासिकात प्रश्नोत्तरांचं सदर मिळालं असतं का, याची मला दाट शंका आहे. त्यांच्यावरच्या परिसंवादाचं अध्यक्षपद मात्र मिळालं असतं.

सरकारी व्यवस्थेबद्दल जरा सबुरीने बोलते, कारण ती खासगीपेक्षा बरी निघाली. नॅकोची 'सुरक्षा क्लिनिक' सरकारी रुग्णालयांत आहेत, तिथे तपासणी आणि औषधं फुकट मिळतात, १०९७ वर फोन करून पत्ता विचारता येतो. पण त्या कार्यक्रमाचा गाभा लक्षणांवर आहे: स्राव असेल तर या रंगाचं किट, व्रण असेल तर त्या रंगाचं. जिथे लॅब नाही तिथे रुग्ण हातचा जाऊ नये म्हणून ही पद्धत आली आणि तिने खूप लोकांचं भलं केलं. पण ज्या घशाला लक्षणच नाही त्याला कुठल्या रंगाचं किट द्यायचं? खासगीत तर त्याहून मजा. 'फुल एसटीडी पॅनेल'चे हजारो रुपये मोजून लोक रक्त आणि लघवी देऊन येतात. लघवीच्या तपासणीत घशातला गनोरिया दिसत नाही. त्यासाठी घशाचा स्वॅब घेऊन त्यावर पीसीआरसारखी चाचणी करावी लागते आणि ती मागून घ्यावी लागते. केमिस्टकडून परस्पर 'ती तीन गोळ्यांची किट' घेणाऱ्यांना तर हात जोडून सांगते, घशातला गनोरिया लघवीच्या मार्गातल्यापेक्षा बरा करायला अवघड असतो, आणि अर्धवट औषधांनी तो जंतू जगभर एकेका अँटिबायोटिकला दाद देईनासा झालेला आहे.

आता आपल्या गोटाकडे वळते. मोकळेपणावर लिहिणारे, सुखाचा हक्क मांडणारे, आपण सगळे. त्या हक्काबद्दल मला कसलीही शंका नाही. पण गेल्या काही वर्षांत या विषयावर मी जे मराठी ललित वाचलं, त्यात घामाचा वास आहे, पावसाचा आहे, लॅटेक्सचा कुठेच नाही. खबरदारीचा उल्लेख केला की रसभंग होतो म्हणे. दुसऱ्या टोकाला माहितीपत्रकं, ज्यांत 'प्रत्येक वेळी निरोध वापरा' एवढं बोलून लेखक हात झटकून मोकळा होतो. या कामासाठी प्रत्येक वेळी काँडोम फार थोडे लोक वापरतात. ते न वापरणाऱ्यांशी काही बोलायचंच नाही का?

बोलायचं तर खरं प्रमाण सांगून बोलावं. लोक भितात एचआयव्हीला, आणि या वाटेने त्याचा धोका जवळजवळ नगण्य आहे. तोंडात जखमा, रक्ताळलेल्या हिरड्या किंवा सोबत दुसरा संसर्ग असेल तर थोडा वाढतो, तरी कमीच. ज्यांना लोक भीत नाहीत ते सिफिलिस, गनोरिया, हर्पीस आणि एचपीव्ही मात्र आरामात जातात, आणि दोन्ही दिशांनी जातात. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा जो पुंजका उठतो, तो हर्पीस. तोच खाली जाऊन बसतो. ते फोड असताना तोंड लांब ठेवायचं, हे नवविवाहितांनाही कुणी सांगत नाही. गुदद्वाराशी तोंडाचा संबंध आला तर कावीळ 'अ' आणि हगवणीचे जंतूही यादीत येतात.

एचपीव्हीचं थोडं वेगळं. त्याच्या १६ नंबरच्या प्रकाराने घशाचा, टॉन्सिलकडचा कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेत अशा कर्करोगांची संख्या आता गर्भाशयमुखाच्या कर्करोगापेक्षा जास्त आहे. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचं मुख्य कारण तंबाखू आणि सुपारी हेच आहे, तेव्हा गुटखा खात एचपीव्हीची काळजी करू नका. पण लस आहे. पुण्यातच सीरमने बनवलेली 'सर्व्हाव्हॅक' २०२३ पासून मिळते. ती मुलींची लस म्हणून विकली जाते. घसा मुलग्यांनाही असतो. ही लस मुलग्यांनाही देता येते, आणि संबंध सुरू व्हायच्या आधी दिली तर उत्तम. कावीळ 'ब'ची लस राहिली असेल तर तीही घ्या.

बाकी गोष्टी कमी खर्चाच्या आहेत. ज्याच्याशी नवी ओळख आहे तिथे तरी काँडोम वापरा. ती स्ट्रॉबेरी त्यासाठीच आहे, लाजू नका. बाईच्या बाजूने लॅटेक्सचा पातळ चौकोन वापरतात, तो इथल्या केमिस्टकडे मागितलात तर तो दातांच्या डॉक्टरकडे पाठवेल. काँडोमचं टोक आणि रिंग कापून तो लांबीत चिरला की तसाच चौकोन हातात येतो. त्यावर तेल, व्हॅसलीन लावायचं नाही, लॅटेक्स फाटतं. उत्साहाच्या भरात आधी खसाखसा दात घासू नका, हिरड्यांना बारीक जखमा होतात. नुसती चूळ भरा. माउथवॉशवर विसंबू नका, नीट केलेल्या चाचण्यांत त्याचा उपयोग दिसलेला नाही. उजेडात एकदा बघून घ्या. न दुखणारी जखम दिसली तर ती दुखत नाही म्हणूनच डॉक्टरकडे जा. जोडीदार बदलत असतील तर दर काही महिन्यांनी रक्त आणि घशाचा स्वॅब द्या. आणि पॉझिटिव्ह आलात तर फोन करा. मला तो फोन करायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत त्याच्याकडून आणखी कुणाला गेलं असतं तर त्याची अर्धी जबाबदार मी.

त्याने दुसऱ्याच दिवशी तपासणी केली, इंजेक्शन घेतलं. आता आम्ही भेटत नाही. कारण वेगळं आहे.

सहा महिन्यांनी माझा व्हीडीआरएल १:८ वर आला. तो कागद घेऊन मी फॅमिली डॉक्टरांकडे गेले. भांडायला म्हणूनच गेले होते. बी-कॉम्प्लेक्स आणि साबणाची चिठ्ठीही बरोबर नेली होती. त्यांनी कागद दोनदा वाचला, मग उठून केबिनचं दार लावलं. तीस वर्षं झाली म्हणाले प्रॅक्टिसला, हे कधी विचारलं नाही कुणाला. आमच्या कॉलेजात गुप्तरोगाचा वॉर्ड होता, पण तिथेही तोंडात बघायला कुणी सांगितलं नव्हतं. मग चष्मा काढून विचारलं, "बायकांना विचारायचं कसं हो हे? नेमके शब्द काय वापरायचे?"

मी त्या बाईंचं वाक्य होतं तसं सांगितलं. त्यांनी ते प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर लिहून घेतलं.